कातळ, भोवरी आणि डावा डोळा

३ मार्च, मंगळवार

ही वही सासूबाईंच्या हुकमावरून सुरू करतोय.

कातळ आणि भोवरी एकाच सिनेमात येणार, हे आज पक्कं झालं. दुपारी झलक आली आणि लगेच दुकानातला फोन वाजला. मी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवत होतो. फोन मालकांनी घेतला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुमच्या सासूबाई आहेत. पाण्यातलं जनावर जिंकणार म्हणतायत."

आईंचं म्हणणं असं, की मागच्या सिनेमाच्या वेळी मी माझे अंदाज सिनेमा बघून झाल्यावर बदलले. "जावई, या खेपेला लेखी द्या. तारीख घालून. नंतर फिरवाफिरवी नको." तर घ्या लेखी. माझा अंदाज: दोघं आधी एकमेकांची हाडं मोडतील, मग आकाशातून तिसरंच काहीतरी येईल आणि त्यांना एकत्र यावं लागेल. शेवटी उभा राहील तो कातळ. आईंचा अंदाज: भोवरी कातळला पाण्यात ओढून नेईल, विषय संपला.

चुकून कुणी वही उघडली तर त्याच्या डोक्यावरून जायला नको म्हणून सांगतो. कातळ उल्केच्या पोटात झोपला होता, खाणवाल्यांनी सुरुंग लावून त्याला उठवलं. भोवरी समुद्राच्या तळाशी टाकलेल्या अणुकचऱ्यावर वाढली, तिच्या शेपटीत वीज आहे. कातळ माझा, भोवरी आईंची. असली वाटणी आमच्या घरात दुसऱ्या कशाचीच झालेली नाही.

हिचं मत विचारलं. ही म्हणाली, "घरात दोन राक्षस असताना तिकीट काढून बाहेर कशाला जाता?"

८ मार्च, रविवार

सकाळभर झलक बघितली. आई पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायच्या, त्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीचं माप घेतल्याशिवाय चैन पडत नाही. झलकेतल्या पुलाच्या कठड्यावरून त्यांनी कातळची उंची काढली आणि मागच्या सिनेमापेक्षा तो बुटका झालाय असं जाहीर केलं. मी चिडलो. ही कपड्यांना इस्त्री करत होती, म्हणाली, "याला एक्केचाळीस वर्षांचा कोण म्हणेल."

दुपारी आईंसाठी थ्रीडीचं भिंग कापायला घेतलं. त्यांच्या चष्म्यावर थिएटरचा चष्मा नीट बसत नाही, सारखा घसरतो. म्हणून मागच्या वेळी घरी आलेल्या एका थिएटरच्या चष्म्याच्या काचा काढून त्यांच्या फ्रेमच्या मापाच्या केल्या, वर छोटे चिमटे लावले. डावी काच एक चित्र आत सोडते, उजवी दुसरं, आणि दोन्ही डोळ्यांचं मिळून डोक्यात खोली तयार होते. आईंनी लावून बघितलं आणि म्हणाल्या, "आता भोवरी आली की माझ्या मांडीवर बसणार."

माझी आई मी शाळेत असताना गेली. मला असं कुणी कधी सिनेमाला नेलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा ही कामावर अडकली आणि दोन तिकिटं वाया जाऊ नयेत म्हणून आई माझ्याबरोबर आल्या, तेव्हापासून हे चाललंय. हे इथे का लिहिलं कोण जाणे.

१९ मार्च, गुरुवार

सत्तावीसच्या पहिल्या खेळाची तिकिटं काढली. मधली रांग, मधल्या खुर्च्या. आईंनी शेजारणीला सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, वीज मीटर बघायला आलेल्या माणसालाही सोडलं नाही.

ही बँकेच्या बाहेरगावच्या शाखा तपासायला गेली आहे, पुढच्या शनिवारी, अठ्ठावीसला येईल. घर आमच्या ताब्यात.

२३ मार्च, सोमवार

संध्याकाळी चहा ओतताना आई थांबल्या. म्हणाल्या, "जावई, एक गंमत सांगू? डाव्या डोळ्यात कालपासून ठिणग्या उडतायत. कडेकडेनं. भोवरीची शेपटी चमकते ना, अगदी तश्शा." मग काळे ठिपकेही सांगितले, चिलटांसारखे, हाकलले तरी न जाणारे.

दुकानात माझ्या खुर्चीसमोरच भिंतीवर पाटी आहे: ठिणग्या, काळे ठिपके, कडेनं सावली, यांपैकी काहीही दिसलं तर चष्म्याच्या नंबराची वाट बघू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात जा. ती पाटी मीच लावली आहे. खिळाही मीच ठोकलाय.

मी म्हटलं, उद्या दाखवून येऊ. आई म्हणाल्या, "आणि त्यांनी डोळ्याला पट्टी बांधली तर? शुक्रवारी सिनेमा, शनिवारी डॉक्टर. चार दिवसांत काय आभाळ कोसळतंय? माझ्या लेकीला मात्र सांगू नका. ती आत्ताच्या आत्ता गाडी पकडून येईल आणि मला खुर्चीला बांधून ठेवेल."

बऱ्याच वेळा वयामुळे असं होतं आणि आपोआप थांबतं, हेही खरंच आहे. मी बरं म्हणालो. 

नंतर खोलीतून त्यांनी मोबाइलवर मेसेज पाठवला: "ठिणग्या पुन्हा. पण शुक्रवार पक्का. तोंडाला कुलूप." मी उलट लिहिलं, "कुलूप. किल्ली समुद्रात भोवरीकडे." दोघंही आपापल्या खोलीत हसलो.

२४ मार्च, मंगळवार

ठिणग्या कमी आहेत म्हणाल्या. मी लगेच विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता.

२५ मार्च, बुधवार

आजचं लिहावंसं वाटत नाही, पण अंदाज लिहायचे आणि हे वगळायचं, ही लबाडी होईल.

दुकानात एक शिक्षिका आल्या. चष्म्याचा नंबर वाढला असावा म्हणाल्या, उजव्या डोळ्यात सारखं चमकतं. मी त्यांना खुर्चीवर बसूही दिलं नाही. पाटी दाखवली, मालकांना विचारून टॅक्सी बोलावली, दवाखान्यात फोन केला. त्या म्हणाल्या, "उद्या शाळेत तपासणी आहे हो, परवा गेले तर?" मी चढ्या आवाजात म्हणालो, "बाई, शाळा पुन्हा भरेल." मालकांनी पाठ थोपटली. त्यांचा हात पाठीवर असताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

घरी येताना ठरवलं होतं, आईंना सरळ गाडीत घालायचं. दार उघडलं तर त्यांनी शुक्रवारची साडी काढून ठेवली होती, निळी, भोवरीच्या रंगाची. "पदर नीट दिसतो ना अंधारात?" असं विचारत होत्या. मी म्हणालो, छान दिसतो.

आईंचं मन मोडवेना, असं वर लिहिणार होतो. ते अर्धंच खरं आहे. मलाही तो सिनेमा पहिल्या दिवशी, त्यांच्याचबरोबर बघायचा होता. दोनच दिवस राहिले होते.

२७ मार्च, शुक्रवार

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय. वही पिशवीतच होती, सिनेमा संपल्यावर अंदाज पडताळायला आणली होती.

पहिला अर्धा तास आई खूश होत्या. मग त्यांनी माझ्या कोपराला हात लावला. "जावई, यांचं थ्रीडी बिघडलंय का? सगळं कागदावर काढल्यासारखं दिसतंय." मी त्यांच्या चष्म्यावरची भिंगं काढून माझ्या डोळ्यांसमोर धरली. त्यातून मला भोवरी पडद्याबाहेर आलेली स्वच्छ दिसली. भिंगं चोख होती. मी त्यांना उजवा डोळा मिटायला सांगितला. त्या म्हणाल्या, "अंधार आहे की थिएटरात." समोर अख्खं शहर जळत होतं, उजेडात मला माझ्या बोटांची नखं दिसत होती.

मी उठा म्हणालो. त्या म्हणाल्या, "बसा. एवढं झालंय, तेवढंही होऊ द्या." मग मी बसलो. हे कुणी मला विचारणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. मी त्यांना उचलून नेऊ शकलो असतो. पडद्यावर कातळ पहिल्यांदा उठून उभा राहत होता, आणि मी बसलो.

सिनेमा संपल्यावर बाहेर येताना जिन्यावर त्यांची पायरी चुकली. मी दंड धरला. त्या हसून म्हणाल्या, "लेकीला अजून काही बोलू नका," आणि मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला.

२८ मार्च, शनिवार

डोळ्याचा मागचा पडदा सुटलाय. डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोळा काढून दाखवला. मधला भाग, ज्यानं आपण खरं बघतो, तोही सुटला. "सोमवारी-मंगळवारी आला असतात तर मधलं वाचलं असतं. आता प्रयत्न करते."

ही स्टेशनवरून सामानासकट थेट दवाखान्यात आली. तिनं आईंना एकच विचारलं, कधीपासून दिसत नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "काल सिनेमात बसले तेव्हापासून. त्याआधी काही नाही. जावयांनी लगेच आणलं बघ, बिचारे शेवटपर्यंत बसलेसुद्धा नाहीत."

हिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बरं झालं तू होतास."

मी तिची बॅग उचलून बाकाखाली सरकवली.

१ एप्रिल, बुधवार

शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलाय, तो वर जाऊन पडद्याला जागेवर दाबतो. त्यासाठी पेशंटनं आठवडाभर पालथं राहायचं. आई पलंगाच्या कडेला पालथ्या पडून असतात, तोंड जमिनीकडे. त्यांच्याशी बोलायचं तर खाली फरशीवर आडवं व्हावं लागतं. मी दुकानातून आलो की उशी घेऊन पलंगाखाली सरकतो आणि त्या वरून माझ्याकडे बघतात. आमची भेट म्हणजे गॅरेजमध्ये गाडीखाली शिरलेल्या मेकॅनिकचा कारभार, असं त्या म्हणतात.

आज म्हणाल्या, "शेवट सांगा. माझा धड बघून झाला नाही."

खरा शेवट असा: आकाशातून यंत्रं उतरतात, दोघं मिळून ती फोडतात, भोवरी आपली सगळी वीज कातळला देऊन समुद्राच्या तळाशी जाते आणि कातळ किनाऱ्यावर एकटा उभा राहतो. म्हणजे माझा अंदाज शब्दशः खरा. मी म्हणालो, "भोवरीनं कातळला पाण्यात ओढला. तो वर आलाच नाही."

"असं?" आई म्हणाल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "पुन्हा सांगा बरं. सावकाश सांगा."

मी पुन्हा सांगितलं. पूल कसा मोडला, लाट कशी आली, सगळं रचून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला, एवढं तरी बरं.

४ एप्रिल, शनिवार

ही रजा घेऊन घरी आहे. आईंना मोबाइल बघता येत नाही, म्हणून त्यांचे आलेले मेसेज हीच वाचून दाखवते. नवे संपले की मागचे जुने काढते, वेळ जातो. सकाळी दोघी हसत होत्या. मी संध्याकाळी आलो तेव्हा मात्र ही गप्प होती. दमली असणार, उठबस फार पडते. जेवताना माझ्या ताटाकडे बघत बसली होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. तुला काही सांगायचंय का?"

मी म्हणालो, आज दुकानात गर्दी होती.

१७ एप्रिल, शुक्रवार

तपासणी झाली. डाव्या डोळ्याला उजेड कळतो आणि समोर हात हलला तर कळतं. याच्यापुढे काही होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं. आईंनी त्यांचे आभार मानले.

घरी आईंनी स्वतः चहा ओतायला घेतला आणि धार कपाच्या बाहेर, टेबलावर पडली. एका डोळ्याला कप किती लांब आहे ते कळत नाही. आयुष्यभर ज्या बाईनं नळाच्या पाइपचं अंतर नजरेनं सांगितलं, तिला कपाची कड सापडेना. त्यांनी डाव्या हाताचं बोट कपाला लावलं, बोटाच्या आधारानं पुन्हा ओतलं आणि म्हणाल्या, "झालं. नवी मोजपट्टी."

मी आत जाऊन तोंड धुतलं. हे मी केलंय. आईंनी सांगितलं म्हणून गप्प बसलो, हे कारण सकाळी पुरतं, संध्याकाळी पुरत नाही. त्यांना त्या ठिणग्यांचा अर्थ माहीत नव्हता. मला होता.

२ मे, शनिवार

दुकानात ती शिक्षिका पेढ्यांऐवजी बिस्किटांचा डबा घेऊन आली. डोळा वाचला. माझ्यामुळे वाचला असं चारचौघांत म्हणाली. मालकांनी डबा फोडून सगळ्यांना वाटला. मी माझं बिस्किट खिशात टाकलं, ते तिथेच मोडलं.

हिच्याशी आज बोलायचंच असं ठरवून घरी आलो. ही दारातच म्हणाली, "बोल." मी विचारलं, काय बोलू? ती आत निघून गेली. हल्ली तिचं काही कळत नाही.

७ मे, गुरुवार

पुढच्या सिनेमाची घोषणा झाली. कातळ समुद्रात उतरून भोवरीला शोधणार म्हणे. मला आधी आनंद झाला, मग आनंद झाल्याची लाज वाटली. आईंना सांगू की नको असं चाललं होतं, तर त्यांनीच हाक मारली. बातमी त्यांना माझ्याआधी कळली होती.

"माझी भोवरी मेली नाही, तर. वही काढा जावई, लेखी घ्या. पुढच्यात तिला दोन पिल्लं असणार." मग म्हणाल्या, "पण त्याआधी हा एकदा धड बघून टाकू. रविवारी जाऊ, शेवटचा आठवडा आहे."

मी म्हणालो, थ्रीडी कशाला, साध्या पडद्यावर कुठे लागलाय का बघतो. "नाही. त्याच थिएटरात. मधली रांग."

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझंही तिकीट काढ." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

९ मे, शनिवार

दुकान बंद झाल्यावर मागच्या खोलीत बसून एक चष्मा केला. थिएटरचे दोन चष्मे घेतले, दोन्हींच्या डाव्या काचा काढल्या आणि एकाच फ्रेममध्ये बसवल्या. दोन्ही डोळ्यांना एकच चित्र, म्हणजे खोली नाही. एका डोळ्याच्या माणसाला दिसतं तसं. हा माझ्यासाठी. त्यांना जे सपाट दिसणार ते मीही सपाटच बघणार. तेवढं तरी मी करू शकतो. कुणाला कळायचं कारण नाही, वरून तो साधा चष्माच दिसतो.

१० मे, रविवार

आई मध्ये बसणार होत्या, पण हिनं हट्टानं मधली खुर्ची घेतली. निळी साडी होतीच. जिना चढताना मी पायरी म्हणायचो, आई म्हणायच्या, "माहीत आहे," आणि माझा दंड घट्ट धरायच्या.

सिनेमा सुरू झाला. सपाट होता. मागच्या वेळी ज्या लाटेला मी अंग चोरलं होतं, ती नुसती भिंतीवरच्या चित्रासारखी सरकून गेली. मला ते बरं वाटलं. मी निमूट बघत होतो.

मध्येच ही कुजबुजली, "माझ्या काचेवर डाग आहे, तुझा दे जरा." अंधारात मला सुचलं नाही, काढून दिला. तिनं लावला. थोडा वेळ बघितलं. काढून पुन्हा स्वतःचा लावला, पुन्हा माझा लावला.

"हा सपाट का दाखवतोय?"

मी सांगितलं. दोन्ही काचा डाव्या का, ते सांगितलं. आणि ते सांगताना बाकीचंही बाहेर आलं. मला सोमवारपासून माहीत होतं. ठिणग्या त्यांनी मला सांगितल्या होत्या. दुकानातली बाई मी त्याच दिवशी पाठवली आणि आईंना सिनेमासाठी ठेवलं. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मागे वळून शुक् केलं.

ही पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, "माहीत आहे मला. आईच्या मोबाइलमध्ये वाचलं. किल्ली समुद्रात." मग म्हणाली, "महिनाभर वाट बघितली मी. रोज. आईवर मी एक दिवस चिडले, तुझ्यावर अजून चिडलेय. किती दिवस चिडेन ते आत्ता सांगता येणार नाही."

तिनं माझा तो चष्मा पर्समध्ये टाकला, स्वतःचा काढला आणि माझ्या हातात कोंबला. "हा लाव. तू आंधळेपणा करून तिचा डोळा परत येणार नाही. तिला आता लांब-जवळ कळत नाही, तुला कळतं. तिच्या शेजारी बसून ते सांग तिला. एवढं तरी कर."

आम्ही खुर्च्या बदलल्या. ही बिनचष्म्याची, समोर सगळं दुहेरी दिसत असताना, हाताची घडी घालून बसून राहिली.

मी आईंच्या कानाशी वाकलो. म्हटलं, पूल लांब आहे, खूप मागे, पण कातळ अगदी जवळ आहे, समोरच्या रांगेवर. आई म्हणाल्या, "एवढा मोठा? मग तो बुटका झालेला नाही." शेवट जवळ येत होता. भोवरी वीज देऊन खाली बुडायला लागली. मी थांबलो.

"सांगा की," आई म्हणाल्या. "हरते ते माहीत आहे मला. त्या दिवशी उजव्या डोळ्यानं बघितलं होतं. तुम्ही सांगितलेला शेवट जास्त चांगला होता, म्हणून दोनदा ऐकला."

माझ्या काचेवर धुकं आलं. मी ती पुसली आणि म्हणालो, "आई, शेपटी येतेय. डावीकडून. पडद्याबाहेर आली. आता आपल्यावर."

आईंनी डोकं मागे घेतलं.

"गेली?"

"गेली," मी म्हणालो.

"सांभाळून सांगत जा," त्या म्हणाल्या, आणि दुसरी लाट कुठून येते ते विचारलं.